काळा काळा येत नाही, पांढरा पांढरा राहत नाही: घरच्या डार्करूममधल्या करड्या प्रिंट

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला फ्लॅटच्या बाथरूममध्ये, ऐन जानेवारीत डार्करूम मांडली आहे. जुना कंडेन्सरचा (भिंगांनी प्रकाश एकवटणारा) एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडणारं यंत्र, ३५ एमएमच्या निगेटिव्ह, मल्टिग्रेड (फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, कमी-जास्त करता येणारा) आरसी (प्लास्टिकचा थर दिलेला) पेपर, लाल झिरोचा बल्ब आणि घरी कालवलेला डी-७२ डेव्हलपर, म्हणजे पेपरवर चित्र उमटवणारं द्रावण. निगेटिव्ह चांगल्या दिसतात, पण प्रिंट करड्या येतात. काळा कोळशासारखा न येता राखेसारखा येतो, पांढरा सदरा मळकट दिसतो. पाच नंबरचा, म्हणजे सर्वांत जास्त कॉन्ट्रास्टचा, फिल्टर लावला तर प्रिंट नुसतीच फिकी पडली. काल ज्या वेळेवर प्रिंट बरी आली, त्याच वेळेवर आज वेगळीच आली. आणि एका प्रिंटमध्ये आभाळ काळवंडून झाडांच्या कडेने पांढरी रेघ उमटली.

यात निदान चार वेगवेगळे दोष एकमेकांत गुंतले आहेत असं मला दिसतं. फिल्टर बदलून, वेळ वाढवून काही हाती लागत नाही ते त्यामुळेच. एका दोषावर इलाज केला की दुसरा झाकला जातो. म्हणून निगेटिव्ह आठ दिवस बाजूला ठेवा. आधी तुमच्या बाथरूममध्ये, तुमच्या डेव्हलपरमध्ये, हा पेपर मुळात किती काळा आणि किती पांढरा होऊ शकतो ते बघू.

त्यासाठी एकच पेपर लागेल. सगळे दिवे बंद करा, लाल बल्बसुद्धा. चाचपडत पेपर काढा, पाकीट बंद करा आणि पेपरच्या तीन पट्ट्या करा. पहिली पट्टी अंधारातच थेट फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) टाका, डेव्हलपर दाखवूच नका. दुसरी अंधारातच डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ, मग स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), मग फिक्सर. आता दिवा लावा, तिसरी पट्टी दोन-तीन सेकंद उजेडात धरा आणि तीही तितकाच वेळ डेव्हलप करून फिक्स करा. तिन्ही धुऊन, वाळवून, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवा.

पहिली पट्टी म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरा. दुसरी तिच्याइतकीच पांढरी असेल तर पेपर निर्दोष आहे. ती करडी असेल तर पेपर तुमच्या हातात येण्याआधीच बिघडला आहे: जुना झाला, उन्हाळ्यात कपाटात तापला किंवा कोणी पाकीट उजेडात उघडलं. बंद पडलेल्या स्टुडिओंमधला जुना पेपर स्वस्तात मिळतो, त्यात हे नेहमी दिसतं. अशा पेपरसाठी डेव्हलपरमध्ये थोडं बेंझोट्रायाझोल (असा करडेपणा दाबणारं रसायन) घालतात आणि काही प्रमाणात ते कामही करतं, पण शिकताना तो पेपर वापरू नका. दोष पेपरचा की आपला, हे कधीच कळत नाही.

तिसरी पट्टी म्हणजे तुमचा सर्वांत गडद काळा. तुमच्या प्रिंटमधला काळा या पट्टीशेजारी धरा. पट्टी काळीभोर आणि प्रिंट राखेची, तर डेव्हलपर ठीक आहे, प्रिंट करण्यात चूक आहे. पट्टीच राखेसारखी, तर डेव्हलपरकडे बघा. माझा अंदाज विचाराल तर पट्टी राखेसारखीच येईल, आणि त्याची दोन कारणं तुमच्या प्रश्नातच लिहिलेली आहेत: नाशिकचा जानेवारी आणि घरी कालवलेला डी-७२.

थंडीचं आधी. डी-७२ मध्ये मेटॉल आणि हायड्रोक्विनोन जोडीने काम करतात. मेटॉल मधल्या छटा उठवतं, काळ्याला वजन देतं ते हायड्रोक्विनोन. थंडी पडली की हायड्रोक्विनोन आधी गळपटतं. डेव्हलपर १२-१३ अंशांपर्यंत उतरला की ते जवळजवळ झोपतंच आणि मेटॉल एकटंच ओढत राहतं. प्रिंट येते, पण अशक्त. तुम्ही डेव्हलपर कालवताना २० अंश मोजला असेल, पण ट्रे बाथरूमच्या फरशीवर ठेवला असेल तर पाऊण तासात तो किती उतरतो ते थर्मामीटर घालून बघा. डेव्हलपरचा ट्रे त्याहून मोठ्या परातीत, कोमट पाण्यात ठेवा. परातीखाली लाकडी फळी किंवा जाड गोणपाट घाला. दर चार प्रिंटला तापमान बघा आणि परातीतलं पाणी बदलत राहा. मे महिन्यात हेच उलटं करावं लागेल: परातीत गार पाणी आणि पिशवीत बांधलेला बर्फ.

आता सोडा. घरी डेव्हलपर कालवणाऱ्यांचा सर्वांत मोठा घात इथेच होतो. एक लिटर साठ्याच्या (पाणी घालून वापरायच्या मूळ द्रावणाच्या) डी-७२ चं माप असं: मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट ६७.५ ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. वापरताना एक भाग साठा आणि दोन भाग पाणी. यातला ‘निर्जल’ हा शब्द महत्त्वाचा. दुकानात धुण्याचा सोडा मागितला की अनेकदा खडे मिळतात, आणि ताज्या खड्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. निर्जल ६७.५ ग्रॅमच्या जागी ताजे खडे साधारण १८२ ग्रॅम लागतात. तुम्ही खड्यांचेच ६७.५ ग्रॅम घातले असतील तर सोडा जेमतेम एक तृतीयांश पडला, आणि हायड्रोक्विनोनला जी अल्कली लागते ती मिळालीच नाही. खडे उघडे राहिले की पाणी सोडून पांढरी भुकटी होतात, मग तर कोणतंच वजन भरवशाचं राहत नाही. आणि ‘सोडा’ म्हणून खायचा सोडा हाती आला असेल तर प्रश्नच मिटला, त्यात हायड्रोक्विनोन कामच करत नाही. रसायनांच्या दुकानातून लेबल वाचून निर्जल सोडियम कार्बोनेटच आणा.

लेबल वाचायचं ते सल्फाइटसाठीही. सल्फाइट, सल्फेट आणि सल्फाइड ही तीन वेगळी रसायनं आहेत. गडबडीच्या दुकानात यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. सल्फाइट जुनं होऊन हवेने मरतं तेव्हा त्याचं सल्फेटच होतं, मग डेव्हलपर तासाभरात चहाच्या रंगाचा होतो आणि प्रिंटला पिवळट डाग पडतात.

कालवण्याचा क्रम चुकवू नका. सुमारे ५० अंश गरम पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग सगळं मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, मग सोडा, शेवटी ब्रोमाइड. सल्फाइट आधी पूर्ण घातलं तर मेटॉल नीट विरघळत नाही, तळाशी पांढरे कण बसतात, आणि ते कण म्हणजे तुमच्या डेव्हलपरमधून गेलेलं मेटॉल. बोअरचं पाणी जड असेल तर उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. आणि हात डेव्हलपरमध्ये घालू नका, चिमटे वापरा. मेटॉलने त्वचेला खाज आणि फोड येतात, आणि एकदा ही अॅलर्जी लागली की आयुष्यभर पाठ सोडत नाही.

डेव्हलपर दुरुस्त झाला की काळी पट्टी पुन्हा करा. ती काळीभोर आली, तरी प्रिंट राखेचीच राहिली, तर तुम्ही प्रिंट लवकर उचलता आहात. नवशिक्यांत हे मी सर्वांत जास्त पाहिलं आहे. लाल उजेडात प्रिंट आहे त्यापेक्षा गडद दिसते. तीस सेकंदांत चेहरा भरून आला की जीव घाबरतो, चिमटा आपोआप पुढे जातो. पण चेहरा आधी येतो आणि केसांतला काळा मागाहून भरतो. मध्येच उचललेल्या प्रिंटच्या मधल्या छटा चिखलासारख्या, डागाळलेल्या राहतात. आरसी पेपरला २० अंशांच्या ताज्या डी-७२ मध्ये दीड मिनिट द्या. घड्याळ लावा आणि दीड मिनिट होईपर्यंत ट्रेचा कोपरा हलकेच उचलत राहण्यापलीकडे काही करू नका. प्रिंट गडद आली तर पुढच्या प्रिंटला एन्लार्जरखालचा वेळ कमी करा. डेव्हलपरमधला वेळ कायम ठेवायचा.

आता पांढरा सदरा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हा दोष दिसत नाही तिथे असतो.

मिरजेला माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. १९८८ चा उन्हाळा असेल, परीक्षेच्या फॉर्मांसाठी पासपोर्ट फोटोंची रांग लागली होती. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू ब्रोमाइड पेपर आम्ही वापरत असू. दोन दिवस मुलांचे पांढरे सदरे करडे येत होते. आम्ही डेव्हलपर बदलला, पाकीट बदललं, निगेटिव्ह पुन्हा तपासल्या. लाल बल्बवर कोणालाच संशय आला नाही, कारण प्रत्येक प्रिंटची कडेची पट्टी स्वच्छ पांढरी होती. बल्बचा उजेड लागत असता तर कडाही करड्या झाल्या असत्या, हे सगळ्यांना अगदी पटलेलं होतं. तिसऱ्या दिवशी वडिलांनी बल्ब काढून हातात घेतला. मानेपाशी लाल रंग भाजून तांदळाच्या दाण्याएवढा उडाला होता आणि तिथून पांढरा उजेड थेट ट्रेवर पडत होता.

कडा पांढऱ्या का राहिल्या, हे समजून घ्या. पेपरला प्रकाशाचा पहिला थोडा भाग पचतो. तेवढ्या प्रकाशाने काळेपणा उमटत नाही. प्रिंटच्या कडेला ईझलच्या (एन्लार्जरखाली पेपर धरणाऱ्या चौकटीच्या) पट्टीमुळे एन्लार्जरचा प्रकाश लागलेलाच नसतो, तिथे फक्त बल्बची गळती पडते आणि ती पचून जाते. सदऱ्यावर मात्र निगेटिव्हमधून थोडा प्रकाश आधीच पडलेला असतो. पचायची मर्यादा तिथे संपलेली असते, म्हणून तीच गळती सदऱ्याला करडं करते. सफेद रंगाच्या सगळ्यांत नाजूक छटा, म्हणजे सदऱ्याच्या चुण्या, लग्नातल्या साडीचा पोत, ढग, याच पहिल्यांदा मरतात. म्हणूनच लाल दिव्याखाली पेपरवर नाणं ठेवून करतात ती चाचणी फसवी आहे. कोऱ्या पेपरवर ती सगळं ठीक असल्याचं सांगते.

खरी चाचणी अशी करा. लाल बल्ब बंद ठेवून, निगेटिव्ह न लावता, एन्लार्जरखाली पेपरला इतका कमी प्रकाश द्या की डेव्हलप केल्यावर फिकट करडा यावा. किती सेकंद ते आधी एका तुकड्यावर शोधून ठेवा. मग असा प्रकाश दिलेला पेपर डेव्हलपरच्या ट्रेच्या जागी ठेवा, एक कडा पुठ्ठ्याने पूर्ण झाका, आणि लाल बल्ब लावून पुठ्ठा सरकवत बाकीच्या भागांना १, २, ४ आणि ८ मिनिटं मिळतील असं करा. बल्ब बंद करून अंधारातच डेव्हलप करा. झाकलेल्या कडेपेक्षा जो भाग जरासाही गडद दिसेल, त्याच्या निम्म्या वेळापर्यंतच तुमचा बल्ब सुरक्षित समजा. पेपर पाकिटातून काढल्यापासून फिक्सरमध्ये जाईपर्यंत सहज तीन-चार मिनिटं जातात, हे लक्षात असू द्या.

झिरोचा बल्ब कसा आहे ते बघायला जुनी सीडी पुरते. बल्ब लावा आणि सीडीच्या चकचकीत बाजूवर त्याचं प्रतिबिंब तिरकं पाडा. रंगांचा पट्टा उलगडेल. त्यात फक्त लाल दिसला पाहिजे. हिरव्याची किंवा निळ्याची रेघ दिसली की तो बल्ब डार्करूममधून हद्दपार करा. हल्ली मिळणाऱ्या काही ‘लाल’ एलईडी बल्बांत आत पांढरी एलईडी आणि वर नुसतं लाल प्लास्टिक असतं, त्यांच्यात हा पट्टा लगेच दिसतो. अस्सल लाल एलईडी चांगली. मल्टिग्रेड पेपर निळ्याबरोबर हिरव्यालाही संवेदनशील असतो, त्यामुळे जुन्या ब्रोमाइड पेपरला चालणारा पिवळट-हिरवट दिवा याला चालत नाही.

बल्ब ट्रेपासून निदान चार फूट दूर हवा आणि शक्यतो भिंतीवर वळवलेला. बाथरूममध्ये तो बहुधा आरशावर, ट्रेच्या डोक्यावरच असतो. गीझरचा इंडिकेटर, एक्झॉस्ट फॅनच्या फटी, मनगटावरचं स्मार्ट घड्याळ, हे सगळं झाका. आत जाऊन दार लावा, पाच मिनिटं अंधारात उभे राहा आणि मग फटी मोजा. पहिल्या मिनिटाला एकही दिसत नाही.

तुमच्या पाच नंबरच्या फिल्टरचं उत्तर यातच बरंचसं आलं. गळतीने पडलेला करडेपणा फिल्टर काढू शकत नाही, कारण तो निगेटिव्हमधून आलेलाच नाही. प्रिंट फिकी का पडली, त्याचं कारण मात्र वेगळं आहे. इलफर्ड कंपनीच्या फिल्टरांत ०० पासून साडेतीनपर्यंत एकच वेळ चालते, पण ४ आणि ५ ला ती दुप्पट करावी लागते. तुम्ही वेळ तीच ठेवली असणार. तुमचा एन्लार्जर कंडेन्सरचा आहे. त्यात कॉन्ट्रास्ट मुळातच थोडा जास्त येतो. बाकी दोष निघाले की नीट डेव्हलप केलेल्या निगेटिव्हला दोन किंवा अडीच नंबर पुरेल. सतत पाच लागत असेल तर निगेटिव्ह डेव्हलप करताना वेळ कमी पडतो आहे.

कालची वेळ आज चालत नाही, याला तुमच्या इमारतीची वीज जबाबदार असण्याची दाट शक्यता आहे. साध्या तंतूच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. २३० चे २०० व्होल्ट झाले तर व्होल्टेज १३ टक्के घटलं, पण उजेड जवळजवळ ४० टक्के घटतो. दहा सेकंदांची प्रिंट सोळा सेकंदांची होते. शिवाय मंदावलेला बल्ब पिवळा पडतो, निळा प्रकाश कमी होतो, आणि मल्टिग्रेड पेपरला निळा कमी मिळाला की कॉन्ट्रास्टही ढिला पडतो. म्हणजे प्रिंट फिकी आणि मऊ, दोन्ही एकदम. सोसायटीचा पंप चालू होण्याची वेळ आणि संध्याकाळी सात ते दहा या काळात प्लगमध्ये मल्टिमीटर लावून बघा. एन्लार्जरला सर्व्हो स्टॅबिलायझर लावा. रिलेचा घेऊ नका, तो टकटक करत पायऱ्यांनी व्होल्टेज बदलतो आणि एकाच प्रिंटच्या मधोमध उडी मारतो. आणि दोन-तीन सेकंदांच्या वेळा टाळा. लेन्सचं छिद्र एफ ८ पर्यंत लहान करून वेळ दहा ते वीस सेकंदांत आणा. बल्ब पेटायला आणि विझायला लागणारा क्षण मग हिशेबात येत नाही.

काल आणि आज यांत एन्लार्जरच्या डोक्याची उंची बदलली असेल तर तेही तपासा. निगेटिव्हच्या मानाने प्रिंटचं मोठेपण ६ पट असताना आलेली वेळ ८ पटीला चालत नाही. मोठेपणात एक मिळवून वर्ग करा: ७ चा वर्ग ४९, ९ चा ८१, म्हणजे वेळ साधारण १.६५ पट.

काळवंडलेलं आभाळ आणि झाडांच्या कडेची पांढरी रेघ, याचं निदान मी डोळे मिटून करते: प्रिंट डेव्हलपरमध्ये अर्धी झाली असताना पांढरा उजेड लागला. दार उघडलं असेल किंवा मोबाइल पेटला असेल. जिथे आधीच गडद झालेलं असतं तिथे नवा उजेड फारसं काही करत नाही, पण कोरं आभाळ भरून येतं, आणि दोन्हींच्या सीमेवर डेव्हलपर दमलेला असल्यामुळे फिकट रेघ राहते. तिला मॅकी रेषा म्हणतात, आणि या परिणामाला साबातिए. फ्रान्सच्या आर्मां साबातिएने एकोणिसाव्या शतकातच त्याचं वर्णन केलं होतं. १९२९ च्या सुमारास पॅरिसमध्ये मॅन रे आणि ली मिलर या छायाचित्रकारांनी तो मुद्दाम वापरायला सुरुवात केली आणि त्यातून अतिशय सुंदर चेहरे निघाले. ती प्रिंट फेकू नका, नीट धुऊन ठेवा. पण मोबाइल बाहेर ठेवा.

उरलेलं भराभर. प्रिंटवर पांढरे ठिपके म्हणजे निगेटिव्हवरची धूळ, काळे ठिपके म्हणजे निगेटिव्हच्या इमल्शनला (चित्र असलेल्या थराला) पडलेली भोकं. पांढरा ओरखडा निगेटिव्हच्या पाठीवरचा असतो, काळा ओरखडा इमल्शनवरचा, आणि काळ्याला निगेटिव्हवर इलाज नाही. मधला भाग अस्पष्ट आणि कडा स्पष्ट असतील तर निगेटिव्ह बल्बच्या उष्णतेने फुगते आहे. बल्ब अर्धा मिनिट चालू ठेवून ती तापू द्या आणि मग फोकस करा. प्रिंट धूसर आणि फारच फिकी आली तर पेपर उलटा पडला आहे. फिक्सर कमी पडला तर प्रिंट आठवड्याने डागाळते. त्यात पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचे थेंब टाकून बघा, पिवळट गढूळपणा हलवूनही गेला नाही तर फिक्सर ओतून द्या. आरसी पेपर दोन-तीन मिनिटं वाहत्या पाण्यात पुरे, रात्रभर बादलीत ठेवला तर कडा सुटतात.

ओली प्रिंट कोणत्या दिव्याखाली बघता, तेही सांगा. बेसिनवरच्या झगझगीत एलईडीखाली तुम्ही प्रिंट ‘जरा गडद’ काढत जाल आणि दिवाणखान्यात ती अंधारलेली दिसेल. ओल्या प्रिंटचा पांढरा वाळल्यावर थोडा बसतो. आरसीला हे कमी जाणवतं, प्लास्टिकचा थर नसलेल्या फायबर पेपरला ८-१० टक्के वेळ कमी करावी लागते. टेस्ट स्ट्रिप (वेळ ठरवण्यासाठी काढलेली चाचणीची पट्टी) हेअर ड्रायरने वाळवून, ज्या खोलीत प्रिंट लावणार त्या उजेडात नेऊन बघा.

आधी पट्ट्या, मग थर्मामीटर आणि सोडा, मग लाल बल्ब, मग व्होल्टेज, या क्रमाने जा. एका रात्री एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने फिल्टर, एफ, सेकंद, डेव्हलपरचं तापमान आणि व्होल्टेज लिहा. काळी आणि पांढरी पट्टी पाकिटालाच चिकटवून ठेवा. नवं पाकीट उघडलं की त्याच्या पट्ट्या काढून त्यांच्याशी ताडून बघा. या पट्ट्यांचे फोटो पाठवलेत, शक्यतो ढगाळ दिवसाच्या उजेडात काढलेले, तर पुढचं सांगणं मला सोपं जाईल.